नेम कुठे चुकतो?

मुलांनो, जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीनं तुमच्यापैकी बहुतेकांनी नेम धरला असेल. आमच्या वेळणेश्वरला महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. देवळाजवळ दुकानं लागतात आणि फुगेवाल्यासमोर पोरांची ही झुंबड! नेम धरायचा लाल फुग्यावर आणि फुटायचा शेजारचा पिवळा. की लगेच मागून कुणीतरी ओरडतंच, "अरे, याला नेमच धरता येत नाही!"

पण जरा थांबा. नेम नक्की चुकला कुठे? डोळ्यात, हातात, की नळीच्या टोकावरच्या त्या वाकड्या माशीत? प्रश्न साधा वाटतो. पण नेमबाजी शिकणाऱ्याला या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात महिनेच्या महिने घालवावे लागतात. आमच्या गावातल्या एका मुलीनं ते कसं शोधलं, ते आज तुम्हांला सांगते.

तुम्ही म्हणाल, बाई प्राथमिक शाळेत पाढे शिकवतात, त्यांना बंदुकीतलं काय कळतं? खरं आहे. मला जे कळलं ते आमच्या शेजारच्या सुभेदारांमुळे. सैन्यातून निवृत्त होऊन ते गावी परतले. आम्ही मोठी माणसं त्यांना काका म्हणतो, पोरं म्हणतात सुभेदार आजोबा. त्यांची नारळी-पोफळीची बाग चांगली लांबलचक आहे. दर रविवारी सकाळी तिथे तीन-चार मुलं नेमबाजी शिकायला जमतात. बागेच्या टोकाला जांभ्याचा गडगा आहे, पण छर्रा दगडावर आपटून उलटा येऊ शकतो, म्हणून गडग्यापुढे वाळूनं भरलेली मोठी पेटी ठेवलेली. पेटीवर कागदाचं लक्ष्य. प्रत्येकाच्या डोळ्यांवर जाड काचेचा चष्मा. आजोबांनी "चला" म्हटल्याशिवाय बंदुकीला कुणी हात लावायचा नाही, आणि नळीचं तोंड पेटी सोडून कुठेही वळवायचं नाही.

एकदा एकानं विचारलं, "आजोबा, बागेत वानरं येतात, त्यांना एक छर्रा लावू का?" आजोबांनी त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि त्याला महिनाभर नुसतं लक्ष्याचे कागद चिकटवायला बसवलं. मुलांनो, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. आणि कायदा नसता तरी, मुक्या जिवावर धरलेला नेम हा काही खेळ नव्हे.

आता ही एअर रायफल म्हणजे काय ते पाहू. तिच्यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर छर्रा बाहेर पडतो. छर्रा कमरेत बारीक असतो, छोट्या डमरूसारखा. त्याचा व्यास ४.५ मिलिमीटर. ऑलिम्पिकमध्ये ही स्पर्धा १० मीटरवरून होते. लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका केवढा असतो, ठाऊक आहे? फक्त अर्धा मिलिमीटर! आपल्या पेन्सिलीच्या टोकानं काढलेला टिंब. त्यावर ६० वेळा नेम धरायचा, आणि तोही दुर्बिणीशिवाय. तिथे दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोकाची चकती, पुढे एक गोल कडं, एवढ्यावरच काम भागवायचं.

या खेळात आपल्या महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. अंजली भागवत २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरोला जगज्जेता झाला. आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक आणलं. ती रायफल मात्र हवेची नाही, काडतुसाची.

पण हवेच्या रायफलनं २५, ४०, ५० मीटर अशा लांब पल्ल्यावर नेम धरायचा छंद जगात अनेकांना आहे. तिथे डोळ्याला मदत म्हणून दुर्बीण बसवतात. आणि दुर्बीण आली की ती बंदुकीवर धरून ठेवणारी बैठकही आली. तिला म्हणतात 'माउंट'. दोन कड्या, खाली पकड आणि चार-सहा स्क्रू. दिसायला अगदी किरकोळ. दुकानात गेलं की लोक दुर्बिणीकडे तासभर बघतात, आणि माउंट मिळेल तो उचलतात!

आता त्या मुलीची गोष्ट. ती माझ्याच हाताखालून चौथी पास होऊन गेली. आता आठवीत आहे. वडील टेम्पो चालवतात. तिला नेमबाजीचं शिक्षण घ्यायचं होतं. त्यासाठी तालुक्याबाहेर जायला हवं. एस.टी.चं भाडं, फी, छर्रे, सगळा खर्च आला. वडील म्हणाले, "शिमग्यापर्यंत बघू. हातात काही आहे असं दिसलं तर पाठवीन. नाहीतर अभ्यासाला लाग." माणूस वाईट नव्हे. पण महिन्याच्या शेवटी ज्याला हिशेब जुळवावा लागतो, तो असंच बोलणार.

पोरगी जिद्दीची. आजोबांची जुनी स्प्रिंगची रायफल घेऊन ती २५ मीटरवर सराव करी. पहिले पाच-सहा छर्रे छान एकमेकांजवळ लागत, रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे. मग हळूहळू ते पसरत जात. एक वर, एक डावीकडे, एक पार कागदाबाहेर. दुर्बीण पुन्हा जुळवायची, पुन्हा पाच बरे, पुन्हा पसारा. दोन महिने हेच चाललं होतं. एका रविवारी मी तिकडे गेले, तर ती पेटीजवळ मान खाली घालून बसलेली.

"आजोबा, माझा हातच थरथरतो हो. मला नाही जमणार."

सुभेदार शांतपणे म्हणाले, "हात थरथरतो की दुर्बिणीचं बूड हलतंय, ते आधी बघू. पेन्सिल आण."

त्यांनी काय केलं, तर रायफलवरच्या ज्या पट्टीवर माउंट बसतो, तिथे पुढच्या कडीला अगदी चिकटून टोकदार पेन्सिलीनं एक रेघ मारली. "आता वीस छर्रे मार. कुठे लागतात ते बघू नकोस." तिनं मारले. मग आजोबांनी भिंग धरलं. कडी आणि रेघ यांच्यामध्ये फट पडली होती. जेमतेम एक मिलिमीटर! म्हणजे दुर्बीण सगळीच्या सगळी मागे सरकली होती.

असं का व्हावं? स्प्रिंगच्या रायफलची गंमत ऐका. चाप ओढला की स्प्रिंग सुटते आणि दट्ट्या जोरानं पुढे धावतो. दट्ट्या पुढे, म्हणून बंदूक थोडी मागे. पण लगेच दट्ट्या टोकाला जाऊन थांबतो, आणि त्या धक्क्यानं बंदूक पुढे उसळते. म्हणजे एकाच बारात दोन धक्के, आधी मागे, मग पुढे. एस.टी.नं एकदम वेग घेतला की उभा माणूस मागे कलंडतो ना? तसंच बंदूक पुढे उसळताना तिच्यावरची दुर्बीण मागे राहू पाहते. पकड ढिली असेल तर दर बाराला केसभर मागे सरकते. दोन कड्या असतील तर दोन्ही सारख्या सरकतीलच असं नाही. मग दुर्बीण किंचित तिरकी होते. या दुहेरी धक्क्यानं साध्या दुर्बिणीच्या आतल्या काचाही सैल होतात, म्हणून स्प्रिंगच्या रायफलसाठी खास मजबूत दुर्बीण घ्यावी लागते.

तुम्ही म्हणाल, केसभरानं काय होतं? वहीचा एक कागद घ्या. त्याची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. दोन कड्यांमधलं अंतर १० सेंटीमीटर, म्हणजे १०० मिलिमीटर धरू. मागची कडी एका कागदाइतकी उचलली गेली, तर १०० मिलिमीटरला ०.१ मिलिमीटर एवढा तिरकेपणा आला. हाच तिरकेपणा १० मीटरवर १ सेंटीमीटर होतो, आणि ५० मीटरवर ५ सेंटीमीटर! म्हणजे जवळजवळ एका काडेपेटीची लांबी. समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही. मुलीनं हे गणित वहीत स्वतः मांडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हसू दिसलं.

मग नवा माउंट निवडायचं ठरलं. आजोबांनी मुलांनाच कामाला लावलं. त्यांनी जी यादी केली, ती तुम्हांलाही सांगते.

पहिली गोष्ट, पट्टी कोणती? बहुतेक एअर रायफलवर ११ मिलिमीटरची अरुंद पट्टी असते. दोन्ही कडांना आतल्या बाजूनं तिरप्या खाचा, त्यांत माउंटचे जबडे अडकतात. दुसऱ्या प्रकारची पट्टी रुंद असते, साधारण २१ मिलिमीटर, आणि तिला आडव्या चरी असतात. त्या चरीत माउंटचा दांडा बसला की मागे सरकायची सोयच राहत नाही. पण एकीचा माउंट दुसरीवर बसत नाही. म्हणून दुकानात जायच्या आधी पट्टी मोजायची.

दुसरी, दुर्बिणीची नळी किती जाड? काही दुर्बिणी १ इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटरच्या असतात, काही ३० मिलिमीटरच्या. कडी त्याच मापाची हवी. मोठ्या कडीत कागद कोंबून भागवायचं नाही.

तिसरी, उंची. दुर्बिणीचं पुढचं तोंड नळीपेक्षा रुंद असतं. माउंट बुटका घेतला तर ते तोंड बंदुकीला टेकतं. उंच घेतला तर डोळा दुर्बिणीपाशी नेण्यासाठी गाल दस्त्यावरून उचलावा लागतो, आणि मान दर वेळी वेगळ्या जागी येते. गाल दस्त्यावर सहज टेकवून डोळा उघडला की समोर पूर्ण गोल दिसला पाहिजे. मुलांनी पुठ्ठ्याच्या नळ्या करून, खाली वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या ठेवून उंची ठरवली. मध्यम उंचीचा माउंट बरोबर बसत होता.

चौथी, एकसंध की दोन तुकड्यांचा? दोन सुट्या कड्या हलक्या असतात आणि पुढे-मागे हव्या तिथे लावता येतात. एकसंध माउंटमध्ये दोन्ही कड्या एकाच लांब तळावर असतात. तळ लांब, म्हणून पट्टीवरची पकड जास्त, आणि एक कडी सरकली, दुसरी राहिली असं होत नाही. स्प्रिंगच्या रायफलला आजोबांनी एकसंधच पसंत केला.

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची, अडसराची खुंटी. रायफलच्या पट्टीवर मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. माउंटच्या तळातून निघणारी खुंटी त्या भोकात उतरली की माउंट मागे सरकूच शकत नाही. दाराला कडी असावी तशी. जुन्या माउंटला ही खुंटीच नव्हती!

सहावी गोष्ट लांब पल्ल्याची. छर्रा नळीतून सुटला की लगेच खाली पडू लागतो. सेकंदाला १७० मीटर वेग धरा. हवेचा अडथळा विचारात घेतला नाही, तरी २५ मीटरला तो जवळजवळ ११ सेंटीमीटर खाली येतो. ५० मीटरला किती? दुप्पट? नाही, चौपट! सुमारे ४२ सेंटीमीटर. आणि हवा वेग कमी करते, म्हणून प्रत्यक्षात याहूनही जास्त. ही घट भरून काढायला दुर्बिणीवरची चकती टिक टिक करत फिरवतात. पण तिलाही मर्यादा असते, आणि अगदी टोकाला नेली की ती भरवशाची राहत नाही. म्हणून फार लांबच्या नेमासाठी मागून किंचित उंच असलेला माउंट मिळतो, किंवा उतार कमी-जास्त करता येईल असा. आमच्या मुलीला सध्या २५ मीटरच पुरेसे होते. आजोबा म्हणाले, "लागत नाही त्याला पैसे कशाला?" तिच्या वडिलांना हे वाक्य फार आवडलं!

माउंट आला. तो बसवण्याचाही सोहळा झाला. आधी पट्टीवरचं तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढलं, कारण तेलकट जागी पकड घसरते. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. सायकलच्या चाकाच्या नटांसारखं थोडं इकडचं, थोडं समोरचं, असं करत दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवायची. फार जोर केला तर दुर्बिणीची नळी चेपते. आमच्याकडे समुद्राचा खारा वारा, लोखंडाला महिन्याभरात गंज धरतो. म्हणून स्क्रूच्या डोक्यांना बोटानं जेमतेम तेल लावलं.

शेवटी आजोबांनी गवंड्याचा ओळंबा मागवला! पोफळीला दोरी बांधून ओळंबा सोडला. रायफल सरळ ठेवून दुर्बिणीतून पाहायचं, आणि आतली उभी रेष दोरीवर तंतोतंत येईपर्यंत दुर्बीण कड्यांमध्ये फिरवायची. रेष कलती राहिली आणि आपण तीच सरळ मानून बंदूक धरली, तर बंदूकच कलते. ५ अंश कललेली बंदूक ५० मीटरवर छर्रा साडेतीन सेंटीमीटर बाजूला नेते. जवळच्या लक्ष्यावर हा दोष लपतो, लांबच्या लक्ष्यावर उघडा पडतो.

पुन्हा पेन्सिलीची रेघ, पुन्हा वीस छर्रे. या वेळी रेघ जागच्या जागी होती.

मग काय, सगळे छर्रे एकाच भोकातून गेले? छे! मुलांनो, गोष्टीत तसं होतं. प्रत्यक्षात वीसपैकी सोळा छर्रे एका ठिकाणी लागले, आणि चार उजवीकडे खाली गेले. मुलगी हिरमुसली. आजोबा मात्र खूश! म्हणाले, "हे चार तुझे. चाप ओढताना तू बोटानं हिसका देतेस. आजवर दोष माउंटचा किती आणि तुझा किती, ते वेगळं करता येत नव्हतं. आता येतं."

मला त्या दिवशी हेच सगळ्यांत मोलाचं वाटलं. पक्क्या माउंटनं तिचा नेम सुधारला नाही. त्यानं तिला तिची चूक दाखवली, आणि जी तिची नव्हती ती तिच्या डोक्यावरून उतरवली. दोन महिने ती स्वतःच्या हाताला दोष देत होती. आता दोष फक्त एका बोटात उरला होता, आणि एका बोटाला शिकवता येतं. पुढचे सहा रविवार तिनं रिकाम्या रायफलचा चाप हळूहळू दाबायचा सराव केला. आजोबा नळीवर नाणं ठेवत. चाप सुटला तरी नाणं पडता कामा नये. त्या रायफलला असा रिकामा सराव चालतो की नाही, हे त्यांनी आधी पाहून घेतलं होतं. सगळ्याच स्प्रिंगच्या बंदुकांना तो चालत नाही.

मोठ्या खेळाडूंनाही हा प्रश्न सुटत नाही. अभिनव बिंद्रा यांनी २००८मध्ये बीजिंगला १० मीटर एअर रायफलचं सुवर्णपदक जिंकलं. वैयक्तिक खेळातलं भारताचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. त्यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे, की अंतिम फेरीआधीच्या सरावात त्यांची गोळी भलतीकडेच गेली. रायफलची साइट हललेली होती. कल्पना करा, सगळं जग बघतंय आणि घड्याळ पळतंय! पण आपला हात कसा चालतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून दोष साइटमध्ये आहे हे त्यांनी ओळखलं, ती जुळवून घेतली, आणि शेवटच्या नेमाला १०.८ गुण मिळवले.

शिमगा आला. वडील बागेत येऊन उभे राहिले. मुलीनं दहा छर्रे मारले. नऊ एकत्र, एक बाहेर. वडील कागद हातात घेऊन म्हणाले, "हा एक का गेला?" ती म्हणाली, "बाबा, श्वास सोडायच्या आधी चाप ओढला." वडिलांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. नऊ छर्र्यांपेक्षा त्या उत्तरानं त्यांची खात्री पटली असावी. आता महिन्यातून दोनदा ती पहाटेच्या एस.टी.नं सरावाला जाते.

पालकहो, हे थोडं तुमच्यासाठीही. पोरगं गणितात चुकलं, वाचताना अडखळलं, की आपण पटकन म्हणतो, याला जमतच नाही. जरा पेन्सिलीची रेघ मारून बघा. फळा दिसतो का, झोप पुरते का, आधीच्या इयत्तेतला भागाकार कच्चा तर राहिला नाही ना? बूड पक्कं केल्यावरही चुका उरतीलच. पण त्या थोड्या असतील, आणि नावानिशी सांगता येतील.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग, बंदुकीशिवायचा. ३० सेंटीमीटरची पट्टी टेबलावर ठेवा. तिच्यावर कागदाची बारीक नळी चिकटवा. भिंतीपासून ३ मीटरवर टेबल ठेवून, नळीतून दिसेल तिथे मित्राला भिंतीवर खूण करायला सांगा. आता पट्टीच्या मागच्या टोकाखाली वहीचे दहा कागद सरकवा, साधारण १ मिलिमीटर होतील. पुन्हा नळीतून बघा आणि खूण करा. दोन खुणांमधलं अंतर किती येतं? आधी गणितानं काढा, मग मोजा. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत, तर चूक नळीची, पट्टीची की गणिताची, तेही शोधून काढा आणि वहीत लिहून ठेवा.